पाठमोरी बैठक

माझ्याकडे एका बैठकीचा फोटो आहे. त्यात गावातली सगळी माणसं एकमेकांकडे पाठ करून बसलीत आणि मधोमध मी कमरेवर हात ठेवून उभी आहे. प्रशिक्षणात हा फोटो दाखवला, की नवी मुलं हमखास विचारतात, "मॅडम, बैठक फिसकटली होती का?"

तेव्हा मीही नवीनच होते. लोकांना एकत्र बसवून, त्यांच्याच तोंडून मार्ग कसा काढायचा, हे पुण्यात शिकून ब्रह्मपुरीकडच्या एका गावात आले होते. गोलात बसलं की सगळे समान, हे मला इतकं पटलं होतं की घरी जेवतानाही मी सगळ्यांना गोल करून बसवायची.

गावात भांडण तलावाचं होतं. बायकांच्या बचत गटानं त्यात मासोळीचं बी सोडलेलं. पावसानं दडी मारली, धान सुकायला लागलं, आणि पुरुषांनी परस्पर ठरवलं, उद्या सकाळी तुडूम उघडायचं. तुडूम म्हणजे तलावाचं पाणी शेताला सोडायचं दार. तलाव रिकामा झाला की बायकांची मासोळी संपली.

समाजमंदिरात सतरंज्या घालून मी ऐटीत गोल केला. अर्ध्यात पुरुष, अर्ध्यात बायका. बायका बसल्या आणि एकेक करत भिंतीकडे तोंड करून फिरल्या. सगळ्यात आधी फिरली ती गटाची अध्यक्ष. मला तर बहिष्कारच वाटला.

"काय झालं?"

"समोर भासरे बसून हायेत ना, मॅडम," एक जण कुजबुजली. "तोंडासमोर तोंड करून कशा बसाव?"

भासरा म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. त्याच्यासमोर भावजय बसत नाही, बोलत तर नाहीच. आणि त्या गावात अर्धे पुरुष अर्ध्या बायकांचे भासरे! माझ्या त्या लाडक्या गोलानं प्रत्येकीला नेमकं तिच्या भासऱ्यापुढे आणून बसवलं होतं. माझं डोकं सटकलं. मी पुरुषांवर खेकसले, "मग तुम्हीपण फिरा!"

गंमत म्हणजे ते फिरले. त्यांच्यासमोर हात कसे धुवावेत याचं रंगवलेलं चित्र, अध्यक्षबाईसमोर दारातली कोंबडी. मग अध्यक्षबाई त्या कोंबडीवर कडाडली, "बी आमी टाकलं, खुराक आमी टाकला, अन् पाणी सोडाचं तुमी ठरवून राह्यले?"

मग काय विचारता! कडाक्याचं भांडण झालं, सगळं भिंतींशी. कोण बोलतंय ते बघायला मी मधल्या मध्ये गरगर फिरत होते. शेवटी ठरलं. तलावातला काळा दगड उघडा पडला की तुडूम बंद, त्याखालचं पाणी मासोळीचं. मला इतका आनंद झाला की टाळ्या मी एकटीनंच वाजवल्या.

माणसं उठून गेली. तुडूम उघडायचा हट्ट ज्याचा होता, तो अध्यक्षबाईचा भासरा मात्र अजून चित्राकडेच बघत बसलेला.

"भाऊ, झालं आता. फिरा इकडे."

"एका घरात राहून लेकरं मोठी झाली आमची, मॅडम," तो तसाच म्हणाला. "तिचा आवाज मी आज आयकला."