जहांआराबीचे अमीनसाहेब

जहांआराबीला इंग्रजी येतं, यावर आमच्या औरंगपुऱ्यातल्या एकाही बाईला शंका नव्हती. छावणीत एका गोऱ्या कप्तानाच्या घरी ती दोन वर्षं आया होती, आणि आम्हाला एवढा पुरावा पुष्कळ होता. आमच्यातल्या निम्म्याजणींना मराठी छापीलसुद्धा वाचता येत नव्हतं. तिची परीक्षा घेणार कोण? वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणतात, तसलाच तो प्रकार. पण ही गाय एका संध्याकाळी काय चालली, ते मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून लिहायला बसले.

साल फसली तेराशे पन्नास, म्हणजे एक्केचाळीसच्या आसपासचं. राज्य निजामाचं. गुलमंडीजवळच्या थेटरात बायकांची बसायची जागा वेगळी असे, तिला जनाना म्हणत. जनान्याला गल्लीतून स्वतंत्र दार, दाराला चिकाचा, म्हणजे बांबूच्या काड्यांचा, पडदा, आणि आत पुरुषांच्या बाजूला जमिनीपर्यंत जाड काळा पडदा. थेटरात अंधार झाला की जहांआराबी तो काळा पडदा सरकवायची आणि आम्हाला सिनेमा दिसायचा. खेळ संपला की पडदा ओढून घ्यायची आणि मग दोरी खेचून वर मशीनच्या खोलीतली घंटा वाजवायची. घंटा वाजल्याशिवाय दिवे लावायचे नाहीत, हा तिथला कायदा. आधीच्या मशीनवाल्यानं एकदा घाई केली आणि कुणा बड्या घरच्या बायका साऱ्या थेटराला दिसल्या. त्याच संध्याकाळी त्याची वळकटी रस्त्यावर आली. त्याच्या जागी आलेला अन्सार अंधारात रात्र काढील, पण घंटेआधी दिव्याला हात लावणार नाही, असा झाला होता.

जहांआराबी चाळिशीची, अंगानं काटकुळी. आवाज मात्र असा, की इथं बोलली तर पाणचक्कीवर ऐकू जावं. दाराशी स्टूल टाकून ती तिकिटं फाडायची आणि इंग्रजी खेळ असला की तिथूनच आम्हाला तो समजावून सांगायची. पलीकडचे पुरुषही कान देऊन ऐकत. फक्त कबूल करत नसत. पडद्यावरचा गोरा दोन शब्द बोलला की जहांआराबीचं पाऊण मिनिट चाले. इंग्रजी भाषा भारी आटोपशीर असावी, असं मला तेव्हा वाटायचं.

त्या आठवड्यात घोड्यांचा खेळ लागला होता. अमेरिकेच्या पार कडेचं एक धुळकट गाव. "आपल्या गोदेपल्याड कसा इंग्रजांचा मुलूख हाय," जहांआराबीनं सांगितलं, "तसा या गावापल्याड कुणाचाच मुलूख नाय. ना पाटील, ना कचेरी." त्या गावात छातीवर तारा लावलेला एक पोलीस. आमच्याकडे ठाण्याच्या अधिकाऱ्याला अमीन म्हणत, म्हणून तिनं त्याला अमीनसाहेब करून टाकलं. अमीनसाहेबाच्या कोठडीत एक परका माणूस असतो, गुन्हा शाबीत व्हायचा असतो, आणि गावातले दांडगे त्याला ओढून नेऊन झाडाला टांगायला निघालेले असतात. शेवटच्या रिळात अमीनसाहेब कोठडीचं दार लावून घेतो आणि भर रस्त्यातून एकटा त्यांच्यासमोर चालत येतो. मधे थांबून काहीतरी म्हणतो. "अमीनसाहेब बोलतेत," जहांआराबी सांगायची, "माझ्या जिवात जीव हाय तोवर या माणसाला हात लागायचा नाय. काझीसमोर नेईन, गर्दीच्या हातात देणार नाय." आमच्या अंगावर काटा यायचा. सासूबाईंनी, सरूबाई त्यांचं नाव, त्या आठवड्यात तीनदा तो खेळ पाहिला. देवळात जाते म्हणून घरी सांगायच्या आणि मला सोबतीला घ्यायच्या. मी कशाला नाही म्हणते!

गुरुवारी तीनच्या खेळाला आम्ही तिसऱ्यांदा बसलो होतो. खेळ निम्म्यावर आला असताना चिक उचलून एक पोरगी आत शिरली. एकोणीस-वीस वर्षांची, कपाळ रिकामं, हातात कापडी पिशवी, आणि धापा टाकत असलेली. जहांआराबीनं आधी तिच्याकडं पाहिलं, मग चिकातून गल्लीत पाहिलं, आणि काही न विचारता एक तिकीट फाडून तिच्या हातात कोंबलं. ती नेमकी माझ्याशेजारी येऊन टेकली.

तिचं नाव आशाबाई. पाचोडची. नवरा तापानं गेलेला. माहेरी सातवी पास झालेली, म्हणून खडकेश्वराकडच्या मुलींच्या शाळेनं तिला मास्तरीण म्हणून बोलावलं होतं; राहायला बोर्डिंगात खोली. पत्रात स्पष्ट लिहिलेलं, आज दिवेलागणीच्या आत हजर व्हावं, नाहीतर जागा दुसरीला जाईल. सासऱ्याला न सांगता ती मोटारीनं निघाली होती. सासरे नानासाहेब पाचोडचे मोठे जमीनदार. आपली सून पोटासाठी शाळेत शिकवणार हे त्यांना मेल्याहून मेल्यासारखं. मागच्या मोटारीनं ते दोन गडी घेऊन आले आणि गुलमंडीवर तिला गाठलंच; ती गर्दीतून निसटून इथं शिरली होती. हे सारं ती माझ्या कानात कुजबुजत होती. मी तिचा हात धरला, आणि खरं सांगते, मनात म्हटलं, बये, इतक्या बायका सोडून माझ्याच शेजारी कशी आलीस!

तेवढ्यात चिकाबाहेरून जाड आवाज आला. "आमची सून हाय आत. बाहेर काढा तिला."

"आत बाया हायेत, साहेब," जहांआराबी स्टुलावरूनच म्हणाली. "कुणाची सून, कुणाची लेक, ते मी पुसत नाय. तिकीट पुसते. तिच्यापाशी तिकीट हाय."

"आमी आत येऊन नेतो मग."

"या ना. जनान्यात मर्द शिरला म्हणून उद्या सगळा शहर सांगंल, पाचोडचे नानासाहेब शिरले."

चिकापाशी आलेली पावलं मागं सरली. मग नानासाहेब म्हणाले, "लई बोलतीस. खेळ कधी ना कधी संपंल का नाय? आमी हितंच हाय." आणि त्यांचे गडी दारासमोरच्या ओट्यावर बसल्याचा आवाज आम्हाला आत ऐकू आला.

नानासाहेबांच्या हिशेबात खोट कुठंच नव्हती. खेळ संपणार, दिवे लागणार, आम्ही चपला घालून आपापल्या घरी जाणार, आणि ही पोरगी त्या दारात एकटी उरणार. हे जनान्यातल्या तीस-पस्तीसजणींना कळत होतं. सगळ्या पडद्याकडं बघत राहिल्या. शेवटचं रीळ लागलं, अमीनसाहेब चालत आला, जहांआराबीनं त्याचं नेहमीचं बोलणं सांगितलं, आणि पडद्यावर इंग्रजीत 'समाप्त' आलं.

जहांआराबीनं काळा पडदा ओढला नाही. घंटा वाजवली नाही.

मिट्ट अंधार. पुरुषांकडून शिट्ट्या सुरू झाल्या, मग बाकं बडवणं. मॅनेजर इब्राहीम चाचपडत काळ्या पडद्यापलीकडं आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "जहांआराबी, घंटी बजाव."

"नै बजाती."

"पागल हो गई क्या? दुसरे खेल की पब्लिक बाहर खडी है."

"तो खडी रहने दो."

इब्राहीम स्वतः दिवे लावू शकला नसता काय? पण आधीच्या मशीनवाल्याची वळकटी त्यानंच बाहेर फेकली होती. कायदा मोडायचा तर पहिली वळकटी आता त्याची. तो तसाच परतला. वर अन्सारला काही ठाऊक नव्हतं. घंटा नाही म्हणजे दिवे नाहीत, आणि नुसता अंधार ठेवला तर लोक थेटर फोडतील. त्यानं एकच शहाणपण केलं. शेवटचं रीळ उलटं गुंडाळून पुन्हा लावलं.

अमीनसाहेब दुसऱ्यांदा चालत आला. पुरुषांत हशा पिकला. जहांआराबीनं पुन्हा तेच सांगितलं, शब्द न बदलता. रीळ संपलं, घंटा नाही, अंधार, शिट्ट्या, आणि बाहेरून नानासाहेबांचा आवाज, "बाई, किती येळ दार धरशील?" माझ्या शेजारी आशाबाई रडत नव्हती. ती चिकाच्या फटीतून येणारं ऊन बघत होती. ऊन तांबूस व्हायला लागलं होतं. शाळा तिथून पाव तासावर.

अन्सारनं तिसऱ्यांदा रीळ लावलं तेव्हा पुरुषही हसले नाहीत. काहीतरी चाललंय हे त्यांच्याही ध्यानात आलं होतं. अमीनसाहेबानं दार लावलं. चालायला लागला. थांबला. त्याचे ओठ हलले, आणि जहांआराबी बोलायला लागली.

"अमीनसाहेब बोलतेत, बायांनो, मी दार धरू शकतो. दार सोडून चालू शकत नाय. दार सोडलं की दार गेलं. या पोरीला साळंपर्यंत न्यायचं हाय. तिला पाय पाहिजेत, माझे दोन पुरायचे नाय. अमीनसाहेब बोलतेत, तुमी रोज येता, मला बघून डोळं पुसता. मी काय डोळं पुसायला चालतो का?"

पडद्यावरचा गोरा केव्हाच पुढं निघून गेला होता. त्याच्या बंदुका उडत होत्या आणि जहांआराबीचा आवाज त्यांच्यावरून जात होता. पलीकडे तीनशे पुरुष बसलेले, पण खोकल्याचासुद्धा आवाज नाही. मी आयुष्यात मोठमोठ्या वकिलांची, पुढाऱ्यांची भाषणं ऐकली. इतकी माणसं अशी दिपून गेलेली पुन्हा पाहिली नाहीत. मला तिची भीती वाटली, देवाची वाटते तशी.

पहिल्या उठल्या त्या सासूबाई. गुडघ्यावर हात देऊन, "अगं आई गं" करत उठल्या आणि माझ्यावर खेकसल्या, "द्वारके, बसलीस काय ठोंब्यासारखी? धर तिची पिशवी!" मग मागच्या बाकावरच्या दोन बुरखेवाल्या उठल्या. मग रांगच्या रांग. मी उठले ती शरमेनं, हे कबूल करते. हात धरून बसलेली मीच, आणि सांगावं लागलं तेही मलाच.

सगळ्या उभ्या राहिलेल्या पाहिल्यावर जहांआराबीनं काळा पडदा ओढला आणि घंटा वाजवली. दिवे लागले. तिनं चिक वर धरला. आम्ही बाहेर पडलो, बुरखे आणि नऊवाऱ्या एकात एक, आणि आशाबाई मधोमध. नानासाहेब ओट्यावरून उठले. पण तिच्यापर्यंत पोचायचं तर भर बाजारात कुणाच्या तरी आईला, कुणाच्या तरी बायकोला ढकलावं लागणार होतं. सासूबाई त्यांच्यासमोरून जाताना म्हणाल्या, "सरा व्याही, वाट द्या." ते खरंच सरले. माणूस वाईट नव्हता. लोक बघतायत याला घाबरणारा होता. औरंगपुऱ्यातून खडकेश्वरापर्यंत दुकानदार उभे राहून बघत होते. शाळेचा कंदील पेटवायला शिपाई काडी ओढत होता, तेव्हा आम्ही फाटकात पोचलो.

जहांआराबी आली नाही. तिनं दार धरलेलं होतं. दुसऱ्या दिवशी तिला कामावरून काढलं. ती घरोघर बांगड्या विकायला लागली, आणि सांगायला हवं, की आम्ही कुणी मालकाकडं तिच्यासाठी शब्द टाकायला गेलो नाही. एका संध्याकाळी आम्हाला पाय फुटले होते, तेवढंच.

पाच वर्षांनी तोच खेळ पुन्हा लागला. आशाबाई तोवर शाळेत जुन्या झाल्या होत्या. हेडबाईंकडून शिकून मॅट्रिकच्या परीक्षेला बसल्या होत्या, इंग्रजी पुस्तकं वाचायच्या. त्यांनी जहांआराबीला आणि मला तिकीट काढून नेलं. दाराशी दुसरीच बाई होती, ती काही समजावून सांगत नव्हती. जहांआराबी सगळा वेळ गप्प बसली. शेवटी दिवे लागल्यावर तिनं आशाबाईंचा पदर हळूच ओढला. तो दणदणीत आवाज कुठं गेला होता कोण जाणे.

"बाई, त्या शेवटच्या खेपेचं सोडा, ते माझ्या मनाचं होतं. पण येरवी मी बराबर सांगत होते ना? कप्तानाच्या घरी मला 'पानी लाव' आणि 'बेबी सो गया' इतकंच कळायचं. बाकीचं पडद्यावरच्या गोऱ्याच्या तोंडाकडं बघून सांगायचे."

"अगदी शब्दाला शब्द बरोबर होतं, जहांआराबी," आशाबाई म्हणाल्या.

तिचा चेहरा जो काही उजळला! बांगड्यांची टोपली डोक्यावर घेऊन ती तिच्या गल्लीकडं वळली. ती दिसेनाशी झाल्यावर मी आशाबाईंना विचारलं, "शेवटी रस्त्यात थांबून तो नेमकं काय म्हणतो हो?"

आशाबाईंनी डोळ्यांना पदर लावला होता.

"'माझा घोडा आणा,'" त्या म्हणाल्या. "एवढंच म्हणतो."