अंगठ्याखालचा आकडा

पंचाऐंशी सालच्या मार्चात सौंसरच्या स्टँडवर नागपूरची बस उभी होती आणि माझे बाबा कंडक्टरला सांगत होते, "पोरगं अंदमानले जाऊन राहिलं, सरकारी नोकरीवर. खिडकीजवळ बसव त्याले." जसं काही ती बस थेट समुद्रातच जाणार होती. बाबांनी खिडकीतून एक घडी घातलेला कागद दिला. "हे ठेव. तिकडं जीव घाबरला तं उघडून पाह्यजो."

कागदात काय आहे ते मला ठाऊक होतं. सौंसरकर मंडळी, तुमच्यापैकी जे तिकडंच राहिले आणि जे माझ्यासारखे निघाले, त्या सगळ्यांना आज त्या कागदाबद्दल सांगतो.

बाबा बगीच्यांमध्ये संत्र्याच्या पेट्या भरायचे. आधी धानाची तनस, मग रद्दी पेपर, मग संत्री. खिळे ठोकले की पेटीवर ब्रशने आकडा टाकायचे, किती नगांची पेटी ते. रद्दीचे गठ्ठे नागपूरहून यायचे. त्यात इंग्रजी पेपर निघाला की बाबा बाजूला ठेवायचे, मी वाचावा म्हणून. आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट मी, आणि खरं सांगतो, माझं इंग्रजी अर्धं कॉलेजात झालं, अर्धं त्या रद्दीत.

तिथंच मला तो सापडला. वेस्ट इंडीजचा एक फास्ट बॉलर. बेट एवढंसं, की बाबांना नकाशात दाखवलं तर म्हणाले, "हे तं आपल्या रामाकोना गावाएवढंही नाही दिसत." बाप मासेमार. त्या बेटावरून वेस्ट इंडीजच्या टीममध्ये गेलेला तो पहिलाच. लांबून धावत यायचा, विकेट घेतली तरी नाचायचा नाही, मान खाली घालून परत मार्कावर. बाबांना क्रिकेट कळत नव्हतं, पण हे फार आवडायचं. "काम करते अन् गप राह्यते," म्हणायचे. "शाब्बास रे बेटवाल्या!" मग घरात त्याचं नावच बेटवाला पडलं.

अडचण एकच होती. रद्दीला क्रम नसतो. त्याच्या सत्तर विकेट आम्हाला आधी कळल्या, पहिली मॅच नंतर. एका हंगामात त्याचं लग्न वाचलं, पुढच्या हंगामात तो अठरा वर्षांचा निघाला. आई हसायची, "ह्या माणसाचं वय उलटं चालून राहिलं काय वो?"

मग एक दिवस कळलं की त्याचा गुडघा गेला. टीममधून काढलं, तो बेटावर परत गेला. त्याच महिन्यात माझं नेमणुकीचं पत्र आलं. पोर्ट ब्लेअर. आधी रेल्वेने मद्रास, मग तीन दिवस जहाज. मी पाण्यात कधी गुडघ्यापलीकडे उतरलो नव्हतो.

मी बाबांना म्हटलं, "मी नाही जात. बेटवाल्याचं पाह्यलं ना? बेटावर गेलेला माणूस संपते."

बाबा उठून बगीच्यात निघून गेले. जॉइन व्हायची तारीख जवळ येत होती. आई मनातून खूश होती.

चार दिवसांनी मी बोरगावच्या बगीच्यात त्यांचा डबा घेऊन गेलो, तर बाबा तनशीच्या ढिगावरून ओरडले, "अबे पाह्य! उठला! बेटवाला उठला!" हातात पेपर, त्यात त्याचा फोटो, हात हवेत. मी वाचलं. एका डावात सात विकेट. मग नजर वर गेली, तारखेवर. पेपर दोन वर्षं जुना होता. गुडघा जायच्या आधीचा.

मी पटकन तारखेवर अंगठा ठेवला.

बाबा इतर माणसांना दाखवत होते, "पाहा, अख्खं जग म्हणे संपला! अन् हा आला का नाही परत?" त्यांचा तो चेहरा मला मोडवला नाही. मी म्हटलं, "हो बाबा, आला." संध्याकाळी ट्रंक काढली.

अंदमानची पहिली दोन वर्षं कशी गेली ते लिहीत नाही. इथं सगळे तुमच्या बाजूला 'मेनलँड' म्हणतात, आता मीही म्हणतो. नारळाचं तेल, मासळी, जेट्टीवर डाकेच्या जहाजाची वाट. कधी कधी बाबांनी दिलेला तो कागद, तोच सात विकेटांचा पेपर, उघडायचो आणि वाटायचं, माझ्या बापाला मी फसवून आलोय.

मग वेस्ट इंडीजची टीम भारतात आली. मेसच्या रेडिओवर नाव ऐकलं आणि हातातला घास हातात राहिला. तोच! रनअप अर्ध्यावर आणला होता. पूर्वीचा वेग गेला होता, आता डोक्याने टाकत होता. पाच विकेट घेतल्या. कॉमेंट्रीवाला म्हणाला, मान खाली घालून परत चाललाय. मी मेसमध्ये एकटाच उभा राहून टाळ्या वाजवत होतो.

त्याच दिवशी पत्र लिहिलं. सगळं कबूल केलं, तो पेपर जुना होता, मी खोटं बोललो, पण आता तो खरंच परत आलाय.

दोन जहाजांनंतर उत्तर आलं. अक्षर सुनंदाचं, माझ्या धाकट्या बहिणीचं. "दादा, बाबा सांगून राहिले अन् मी लिहून राहिली. बाबा म्हणतात, मले इंग्रजी येत नाही, पण पेटीवर आकडे कोण टाकते? तुह्या अंगठ्याखालचा आकडा मी आधीच वाचला होता. खरा पेपर सापडेपर्यंत थांबलो असतो, तं तू गेला नसता."

खाली सुनंदाने स्वतःचं एक वाक्य घातलं होतं. "तो पेपर शोधाले बाबांनी चार दिवस रद्दीचे सगळे गठ्ठे सोडून सोडून पाह्यले होते."

लोक विचारतात, घर कुठं? मी सांगतो, सौंसर. पण डोळ्यांसमोर घर येत नाही. बोरगावच्या तनशीत बसून गठ्ठ्यांमागून गठ्ठे सोडणारा माणूस येतो.