आफ्रिकेतला पाडवा

सुंदराबाईला चहा फार आवडे, पण बोलणी चालू असताना ती चहाला हात लावत नसे. हा नियम तिने वलगावहून आणला होता. तिचे यजमान बुधाजी तिथे एका शेतकऱ्याकडे सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचे गडी, होते. सालदाराचे साल गुढीपाडव्याला संपते. त्या दिवशी तो मोकळा असतो. जुन्याच मालकाकडे राहायचे की दुसरा पाहायचा, हे त्याचे तो ठरवतो. बुधाजींचा मालक पाडव्याला घरी बोलावून चहा देई, आणि चहा प्यायला म्हणजे नवे साल कबूल, असा तिथला रिवाज होता. धान्य, घोंगडे, जोडे हे सगळे बोलून होईपर्यंत सुंदराबाई कपाकडे पाहत नसे आणि नवऱ्यालाही पाहू देत नसे.

"आमचा बुढा भोळा हाये," ती म्हणे. "कपबशी वाजली का याचं साल ठरलं."

पुढे हे कुटुंब अकोल्याला आले. आमच्या घरामागच्या जिनिंगमध्ये सुंदराबाई कपास वेचणाऱ्या बायांची मुकादम झाली आणि मुलगा धर्मपाल फिटर. छपन्न साली त्यांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली. परत आल्यावर ती आमच्या ओसरीवर आली ती थेट खुर्चीत बसली. खुर्चीचा एक पाय डुगडुगत होता. "वकीलीणबाई, आता खाली बसनं नाई," ती म्हणाली, "पन ही खुर्ची मले खाली पाडून राहिली." दुसऱ्या दिवशी धर्मपाल येऊन खुर्ची नीट करून गेला. तेव्हापासून आम्ही तिला सुंदराबाईची खुर्ची म्हणू लागलो.

सत्तावन्न सालच्या दिवाळीनंतर ती त्याच खुर्चीत बसली होती. समोर वामनराव होते, जिनिंगचे दिवाणजी. जिनिंगच्या मालकांचे एक नातलग आफ्रिकेत युगांडात, एंबाले गावी, कापसाचा कारखाना चालवत. त्यांना सरकी काढायची यंत्रे, रोलर जिन, दुरुस्त करणारा फिटर हवा होता. तिथे परक्या माणसाला असे उठून जाता येत नसे. आधी त्या कारखानदार सेठने सरकारकडून त्याच्यासाठी नोकरीचा परवाना काढायचा, आणि त्या परवान्यावर फिटरच्या नावाशेजारी सेठचे नाव. वामनरावांनी धर्मपालला निवडले होते. करार इंग्रजीत होता. संध्याकाळी आमचे हे कोर्टातून आले की त्यांच्यासमोर सह्या व्हायच्या होत्या. तोवर मी तो मराठीत वाचून दाखवावा, असे सुंदराबाईचे म्हणणे पडले.

मी चहा ठेवला आणि वाचायला बसले. पगार चांगला होता, राहायला खोली होती, जायचे बोटीचे भाडे सेठचे होते. धर्मपाल दाराशी उभा होता. त्याचे अर्धे मन बोटीत चढलेच होते.

"हे सगळं बरं हाये," सुंदराबाई म्हणाली. "आता याचा पाडवा कधी येते ते सांगा."

वामनराव हसले. "अहो, आफ्रिकेत कुठला आला पाडवा? आणि तुम्ही तर आता सणवार सोडले ना?"

"सन सोडला दिवाणजी. साल मोजनं नाई सोडलं. हा मालक कधी बदलू शकते?"

"बदलता येत नाही. परवान्यावर सेठचं नाव आहे. त्यांचं काम सोडलं की परवाना संपला. मग तिथं राहता येत नाही."

"अन् सेठले फिटर बदलाचा असला तं?"

मी कागद पाहिला. महिन्याची नोटीस देऊन सेठ त्याला केव्हाही काढू शकत होते.

"म्हंजे पाडवा हाये," सुंदराबाई म्हणाली. "फक्त सेठचा हाये."

यावर वामनरावांनी आपला चहा उचलला आणि परत ठेवला. त्यांनाही वलगावचा नियम ठाऊक असावा. मी पुढचे वाचले. पासपोर्ट सुरक्षिततेसाठी सेठच्या तिजोरीत राहील, असे एक कलम होते. परतीच्या भाड्याबद्दल अक्षर नव्हते.

"बुढ्याचे जोडे कोन्या मालकानं तिजोरीत नाई ठेवले," ती म्हणाली. "याचा पासपोट काहून?"

"हरवेल म्हणून."

"नाई हरवत. लहानपनापासून यानं फक्त टोप्या हरवल्या."

आता धर्मपालला राहवेना. "माय, तू माही बोट चुकवून राहिली. तेल्हाऱ्याचा फिटर तयार बसला हाये. आपन नाई म्हनलं का तो चालला."

"तं जाऊ दे त्याले. त्याले माय नसन."

"मी कागद न पाहता सही करतो."

"कर ना. मी अडवलं का? पन मंग तिकडून मले लिहू नको का माय, मले इथं करमत नाई, अन् मले निघता येत नाई. मले वाचता येत नाई, अन् वकीलीणबाईले रडू येते."

मला खरोखरच लगेच रडू येते. धर्मपाल हसला, रागातच, पण सही करायला पुढे झाला नाही. चहा गार झाला. मी तो गरम करून आणला, पुन्हा गार झाला. संध्याकाळी हे आले तेव्हा ओसरीवर चौघे जण न प्यायलेल्या चहाभोवती बसले होते.

यांनी सगळे ऐकून घेतले आणि सुंदराबाईच्या मागण्या इंग्रजीत उतरवल्या. दोन हंगाम झाले की कोणालाही दोन महिन्यांची नोटीस देऊन मोकळे होता येईल. फिटरला तिथेच दुसरीकडे काम मिळाले तर सेठ हरकत घेणार नाहीत आणि नव्या परवान्यासाठी तसे लिहून देतील. पासपोर्ट फिटरपाशी. परतीचे भाडे सेठचे.

"अन् घोंगडं," ती म्हणाली. "अन् जोडे."

"सुंदराबाई, युगांडा विषुववृत्तावर आहे," वामनराव म्हणाले. "घोंगडं कशाला?"

"सालदाराले देतेत."

वामनराव थकले होते. त्यांनी स्वतःच्या हाताने ब्लँकेट आणि बूट लिहिले. कागद आफ्रिकेला गेला आणि धर्मपाल आईशी बोलेनासा झाला. आमच्याकडे रोज येऊन टपाल आले का एवढे विचारी. सुंदराबाईही येई, पण तिचे म्हणणे वेगळे. "सेठले घाई हाये. कापूस कोनासाठी थांबते का?"

तिचे खरे निघाले. जानेवारीत तिकडे हंगाम सुरू होणार होता. सेठने सगळी कलमे मान्य केली आणि शेवटी लिहिले, ब्लँकेटची मागणी कोणाची, ते कळवावे. त्या दिवशी सुंदराबाईने आमच्याकडे दोन कप चहा घेतला आणि धर्मपाल आईशी बोलला.

एंबाले मोठ्या डोंगराच्या पायथ्याशी आहे, तिथे रात्री चांगलीच थंडी पडते, हे आम्हाला त्याच्या पहिल्या पत्रातून कळले. मी ते वामनरावांनाही वाचून दाखवले.

दोन हंगाम झाले. तिथल्या शेतकऱ्यांच्या सहकारी संघाने नवे जिन घेतले आणि धर्मपालला हेडफिटर म्हणून बोलावले. सेठ रुसले. परवाना मी काढला, बोटीचे भाडे मी भरले, म्हणाले. धर्मपालने त्यांची सही असलेले कलम पुढे केले. सेठने ते दोनदा वाचले आणि हरकत नसल्याचे लिहून दिले. वर म्हणाले, "तुझ्या आईला माझ्याकडे नोकरीला पाठव."

साठ सालच्या उन्हाळ्यात तो सुटीवर घरी आला. अंगावर कोट, पायांत सेठचेच बूट. संघाचा नवा करार त्याने बरोबर आणला होता, सही अजून व्हायची होती. मायलेक आमच्या ओसरीवर आले. मी चहा आणला. सुंदराबाई आपल्या खुर्चीत बसली आणि कपाकडे न पाहता म्हणाली, "वाचा."

मी वाचले. पासपोर्ट त्याच्याकडे. भाडे दोन्ही वेळचे. नोटीस दोघांना सारखीच.

"म्हंजे पाडवा दोघायचा."

"दोघांचा," मी म्हणाले.

तिने कप उचलला, ओठांपर्यंत नेला आणि थांबली. "घोंगडं कुठी हाये यात?"

"माय," धर्मपाल म्हणाला, "पहिलंच अजून फाटलं नाई."

तिने क्षणभर विचार केला आणि चहा प्यायला.