लोटनची चाळीस मिनिटं

पोस्ट साडेतेरा हजार फुटांवर होती. जुलै महिना. मी तेव्हा लान्स नायक होतो. पहाटे साडेचारला स्टँड टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्चात, सव्वापाचला चहा, सहाला गस्त. रेशनची गाडी आठवड्यातून दोनदा बेसवरून वर यायची. ती सिपाही लोटन चालवायचा. तो पिंपळनेरच्या पलीकडचा, डोंगरातला. मी साक्रीचा. कंपनीत अहिराणी बोलणारे आम्ही दोघंच. बाकीच्यांना वाटायचं, आम्ही त्यांच्याबद्दलच बोलतोय. बहुतेक वेळा ते खरं असायचं.

पोस्टच्या खाली एक वाईट वळण होतं. गाडीच्या दिवशी तिथे हात दाखवायला एक माणूस उभा राहायचा. त्या दिवशी मी होतो. रात्रभर पाऊस झाला होता. सात वाजून दहा मिनिटांनी रस्ता खचला आणि गाडी माझ्या डोळ्यांसमोर नाल्यात गेली. मी खाली उतरलो तेव्हा सात पंचवीस झाले होते.

लोटन शुद्धीवर होता. छातीला मार होता, पाय हलत नव्हते. वरून दगड येत होते. मी वायरलेस सेटवर बोललो.

“एक घायल है. उठाकर ला रहा हूं. ओव्हर.”

“स्ट्रेचर पार्टी का इंतजार करो. ओव्हर.”

“पत्थर गिर रहे हैं. रुक नहीं सकता. आउट.”

मी त्याला दोराने पाठीशी बांधलं आणि नाल्याच्या कडेने निघालो.

“धीरे रे भो,” तो म्हणाला. “मी काय कांदासनं पोतं शे का?”

“पोतं बरं. ते बोलत नही.”

एका ठिकाणी पाय घसरला आणि मी दोन्ही गुडघ्यांवर आलो. कंबरेत कडकन आवाज झाला. लोटनलाही तो ऐकू गेला असावा, कारण पुढे त्याने चेष्टा केली नाही. मग म्हणाला, “आते आमनाकडे भातनी लावनी चालू व्हई. माय उघडा पाये चिखलमा उभी व्हई. मनी पेटीमा गमबूट शेतस. मायनासाठे लयेल शेतस. तिले देजो.”

आठ वाजून पाच मिनिटांनी त्याचं बोलणं थांबलं. स्ट्रेचर पार्टी आठ वीसला भेटली. पुढे सुभेदार साहेब होते. दोर त्यांनीच सोडला.

दुपारी कंपनी कमांडरनी मला आणि सुभेदार साहेबांना बोलावलं. “घर पर एक ही बात जाएगी,” मेजर साहेब म्हणाले. “मौके पर शहीद हुआ. तकलीफ नहीं हुई.” फौजेत घरच्यांना असंच सांगतात. त्यात कोणाचा वाईट हेतू नसतो. पत्र आणि चौकशीचे कागद जुळले पाहिजेत म्हणून मीही जबाब दिला: मी पोहोचलो तेव्हा लोटन गेलेला होता, स्ट्रेचर पार्टी येईपर्यंत मी गाडीजवळ थांबलो. खाली सही केली.

मग एमआय रूममध्ये डॉक्टर साहेबांनी विचारलं, “पीठ कैसी है?”

“फर्स्ट क्लास, साहब.”

मृतदेहाबरोबर गावी जायला फिट माणूस लागतो. मला जायचं होतं. एका दिवसात मी दोन वेळा खोटं बोललो, आणि दोन्ही माझ्याच कागदावर चढलं.

गावात मी पेटी लोटनच्या आईपुढे ठेवली. यादी वाचली. गमबूट, एक जोड. हे तुझ्यासाठी आणलेत, एवढं सांगता आलं असतं. पण ‘कधी बोलला?’ असं तिने विचारलं असतं. यादीवर तिचा अंगठा घेतला आणि बाहेर आलो.

पुढची नऊ वर्षं मी पाठीला पट्टा बांधून नोकरी केली. दर वर्षी मेडिकलला “ठीक है साहब” म्हणालो, कारण कॅटेगरी खाली गेली तर प्रमोशन जातं. हवालदार झालो. रिटायरमेंटच्या मेडिकल बोर्डाने कंबरेचे दोन मणके खराब असल्याचं मान्य केलं आणि पुढे लिहिलं, सेवेशी संबंध नाही.

आज जळगावला माझं दुकान आहे. जुने पंप, ठिबकच्या जुन्या नळ्या घेतो, दुरुस्त करतो, विकतो. शून्यातून उभं केलंय. माझ्याकडून कोणी सहज काही कमी करून घेत नाही. पण मला वीस मिनिटांच्या वर बसता येत नाही, तितकंच उभंही राहता येत नाही. झोप दोन तासांची, तीही एका कुशीवर. हे लिहिताना मी चार वेळा उठलो आहे. डिसॅबिलिटी पेन्शनसाठी तीन अर्ज केले, तिन्ही परत आले.

शेवटी धुळ्याच्या वकिलाकडे गेलो. त्याने फाइल वाचली.

“भाऊ, तुमची केस तुम्हीच बुडवली. तुम्ही कोणाला उचललंच नाही, असं इथे लिहिलंय.”

“सही माझी आहे. पाठ पण माझीच आहे.”

“मग खरं काय ते ॲफिडेव्हिटवर द्या. साक्षीदार आणा.”

मी खुर्ची मागे ढकलली, ती भिंतीवर आदळली. वकील शांतपणे म्हणाला, “राग माझ्यावर काढा. खुर्ची भाड्याची आहे.”

सुभेदार साहेब हयात आहेत. फोनवर एकच वाक्य बोलले. “दे दूंगा बयान. पहले उसकी मां को बता.”

धुळ्याहून एसटीने निघालो. थोडा वेळ दांडीला धरून उभा, थोडा वेळ बसून, मग पुन्हा उभा. काय बोलायचं ते वाटेत जुळवत होतो. ती चिडली तर हे सांगू, रडली तर ते. गिऱ्हाइकासमोर करतो तसंच.

लोटनची आई, अक्का, ओट्यावर नागली पाखडत होती. पाय उघडेच. ताजा चिखल होता. तिने मला लगेच ओळखलं.

“उभा काबर? बस.”

“बसता येत नही, अक्का.”

उभ्यानेच सांगितलं. सात पंचवीस, दोर, नाला, आठ पाच. सूप तिच्या हातात तसंच राहिलं.

“चाळीस मिनिट तो जिवत व्हता?”

“हा.”

“काय बोलना?”

कांद्याच्या पोत्याचं सांगितलं. मी काय उत्तर दिलं तेही. तिचे ओठ जरासे हलले. “तो असाच व्हता,” ती म्हणाली. मग सूप खाली ठेवलं.

“ते चाळीस मिनिट मना व्हतात,” ती म्हणाली. “तू तुनाजोडे ठेई लिधात.”

वाटेत जुळवलेलं त्यात काहीच बसत नव्हतं. मी गमबुटांचं सांगून टाकलं.

ती आत गेली. बाहेर आली तेव्हा हातात खताची रिकामी पिशवी होती. पिशवीत बूट. एकदाही न घातलेले. “माले वाटनं, सरकारना शेतस,” ती म्हणाली. “लोटनना पाय मोठा व्हता. त्याना नही, मंग कोना? कोनी मांगाले उना त देसू, म्हनीसन ठेयेल व्हतात.”

रबर कडक झालं होतं. टाचेजवळ तडा होता. तिने पाय पुसले, एकेक बूट ओढून चढवला आणि अंगणाच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आली.

“बराबर शेतस.” मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “लिख तुना कागद. बठ्ठं लिख.”

ॲफिडेव्हिट मी स्वतः लिहिलं, सगळं. वकिलाने पोत्याचं वाक्य आणि गमबूट दोन्ही खोडले. ट्रिब्युनलला याचा उपयोग नाही म्हणाला. आम्ही अर्धा तास भांडलो. शेवटी सौदा झाला, गमबूट गेले, पोतं राहिलं. तारीख लागायची आहे. निकाल काय लागेल ते लागेल. मी सोडणार नाही. पाठ तर रात्री आठवण करून देतेच.

पण एक ओळ आता सरकारी कागदावर आहे, तिच्यावर स्टॅम्प आहे, आणि ती कोणी बदलू शकत नाही. सिपाही लोटन, ड्रायव्हर, सात वाजून पंचवीस मिनिटांनी जिवंत होता. आठ वाजून पाच मिनिटांपर्यंत बोलत होता.