बंद वेशीतली फेंगमावशी

डोंगर जाळायचे दिवस होते. पेरणीसाठी पेटवलेल्या रानांचा धूर खाली उतरून गावात मुक्कामालाच आला होता. फेंगमावशी चुलीवरच्या बांबूच्या टोपलीत चिकट भात वाफवत होती आणि डोळे चोळत धुराला शिव्या घालत होती. ख्रिस्ती झाल्यावर तिची दारू सुटली, शिव्या राहिल्या.

आमच्या खमू जमातीच्या गावात ती एकटीच ख्रिस्ती. नवरा आजारी पडला तेव्हा गावच्या दैवतानं आधी तिच्या कोंबड्या खाल्ल्या, मग डुकरं, मग म्हैस, आणि शेवटी नवराही नेला. पुढं बाजाराच्या गावी तिला येशू भेटला. "ह्यो काय मागत न्हाई," एवढंच ती सांगायची. हे दैवताला झोंबलं की नाही ठाऊक नाही, पण गावप्रमुख खामसुकला फार झोंबलं. नैवेद्याच्या कोंबडीची तंगडी रिवाजानं त्याची. तेव्हापासून गारा पडल्या, त्याची गाय गाभडली, मोबाइलची रेंज गेली, सगळं मावशीच्या माथी.

त्या दिवशी तीन दिवसांची गावपूजा लागत होती. पूजेला वेशीवर कामट्यांची चांदणी टांगतात. ती टांगली की पूजा संपेपर्यंत गावात कुणी यायचं नाही, गावातून कुणी जायचं नाही. खामसुकनं उत्साहानं पहाटेच स्वतःच्या हातानं चांदणी टांगली, रांजणातली दारू नळीनं ओढली आणि चार गडी घेऊन मावशीच्या दारात उभा राहिला.

"मावशे, आज निकाल. पूजेची कोंबडी खा, येशूला सोड. न्हाईतर आत्ताच्या आत्ता गाव सोड!"

"भात तर उतरवू दे, बाबा."

"परक्यांचा देव आणलास तू गावात!"

"आणि तुझ्या बैठकीत भिंतीवर दोन दाढीवाले टांगल्यात, ते कुठल्या घरचे जावई?"

मागं कुणाला तरी हसू फुटलं, त्यानं त्याचा खोकला केला.

"ते लाल पक्षाचे हायेत!"

"मग माझाबी एक दाढीवाला राहू दे की."

"काढा हिचं छप्पर!"

एरवी एक बांबू उचलायला चार निरोप धाडावे लागणारे आमचे लोक, पण छप्पर बघता बघता उतरवलं. मावशीनं बोचकं बांधलं, डुकराला दोर लावला आणि वेशीकडं निघाली. मागं अख्खं गाव. वेशीत ती थांबली.

"काढ की चांदणी. जाते."

खामसुकनं वर पाहिलं. त्याची नशा तिथंच उतरली.

"कुंपणावरनं टाकूया हिला पलीकडं," एक गडी म्हणाला.

"आज कुंपणबी वेसच," म्हातारा भगत क्वांग दात कोरत म्हणाला. "आणि वेस बंद असताना आतल्या माणसाला चूल नसली तर दैवत उठून जातं. हिची चूल कुणी उघडी पाडली, खामसुक?"

झालं. मावशीचा मुक्काम प्रमुखाच्याच घरी. पहिल्याच जेवणाला तिनं डोळे मिटले आणि मोठ्यानं प्रार्थना सुरू केली: या घराला सुख दे, खामसुकच्या गाईला बरं कर. खामसुकच्या हातातला भाताचा गोळा हातातच राहिला.

"मनातल्या मनात कर की!"

"मनातलं ऐकू आलं न्हाई तर चुगली कशाची करशील?"

पूजेच्या शेवटच्या संध्याकाळी खामसुकनं आपल्या वाट्याची कोंबडीची तंगडी तिच्या पानावर ठेवली. आवाज खाली आणून म्हणाला, "एकच घास, मावशे. नुसता तोंडाला लाव. छप्पर मी स्वतः शाकारून देतो."

मावशी तंगडीकडं बघत राहिली. नवरा याच मातीत पुरला होता. गाव सोडायचं तिच्या जिवावर आलं होतं, आणि हे खामसुकला पक्कं ठाऊक होतं.

"म्हैस खाऊन ज्याला माझा माणूस राखता आला न्हाई," ती म्हणाली, "त्याच्यासाठी आता मी खोटं खाऊ? घे तुझं तुला."

सकाळी चांदणी उतरली आणि मावशी गेली. डुक्कर दंड म्हणून गावानं ठेवून घेतलं, संध्याकाळपर्यंत शिजलंही. पुढं जिल्ह्याचा साहेब चौकशीला आला. त्याला खामसुकनं सांगितलं, कायद्यानं सगळ्या धर्मांना मोकळीक आहे, बाई आपल्या पायानं गेली. साहेबानं मान डोलावली. पाय तिचेच होते, त्यात खोटं काय?

वेशीबाहेर, डोंगरावरच्या तिच्या शेतातल्या खोपट्याला तीनच भिंती होत्या. मावशीनं बोचकं खाली टाकलं, विळा काढला आणि छपरासाठी उतारावरचं गवत कापायला लागली.