टाबिटाने फाडलेली कयाक

उत्तरेच्या बर्फाळ किनाऱ्यावर टाबिटा कयाकींवर, म्हणजे एकट्या शिकाऱ्याच्या अरुंद होड्यांवर, कातडं चढवायची. वाहून आलेल्या ओंडक्यांचा सापळा पुरुष वादीने आवळून बांधत. त्यावर सीलचं ओलं कातडं ताणून शिवणं बायकांकडे. तिच्या टाक्यांतून कधी थेंब आत शिरला नाही. तिने मढवलेली कयाक तिचा नवरा एनोक एका हाताने डोक्यावर उचलून किनाऱ्याला न्यायचा.

मग परक्या व्यापाऱ्यांच्या वखारीने कातड्यांचा भाव वाढवला. घरोघरची कातडी तिकडे गेली आणि बदल्यात आलं कॅनव्हास. अंगावरचं विकून चिंध्या घ्यायच्या, आणि याला म्हणे सुधारणा!

कॅनव्हास पाणी पितं, म्हणून त्यावर वखारीच्या डब्यातला हिरवा तेलरंग. थंडीत रंग तडकतो, म्हणून पुन्हा रंग. एनोक जुना थर कधी खरवडत नसे. तेवढीच जास्त मजबुती, असं त्याचं म्हणणं. भिजून जड झालेलं कातडं वाळवलं की हलकं होतं. रंगाचं ओझं वाळवून जात नाही.

शरदात खाडीवर नव्या बर्फाची साय धरली. वाट अडली की शिकारी बर्फावर चढतो आणि कयाक मागोमाग वर ओढून घेतो. कयाक जड असली की बर्फाची कडच तुटते. मागल्या शरदात एनोकचा चुलतभाऊ असाच गेला. कयाक तेवढी सापडली, हिरवीगार, कुठेही न गळलेली.

टाबिटाने रंग खरवडायला सांगितलं. तो हसला. "रंगाच्या डब्याने तुझी शिवण मागे टाकली, म्हणून जळतेस होय गं?"

"जळते. आता उचल बघू एका हाताने."

हात दुखतोय म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांदेखत तिने आपल्या अर्धगोल सुरीने कयाकीचं कॅनव्हास टोकापासून बैठकीपर्यंत फाडलं. चढवलेलं आवरण बायकोने फाडणं म्हणजे नवरा समुद्राला देणं, असं वस्तीत मानतात. म्हातारे सासरे उलरिक तोंड फिरवून उभे राहिले. तिने सगळ्यांपासून लपवलेली कातडी आणून एनोकपुढे टाकली.

"यांनी मढवते. पण आधी हे सगळं काढ."

"बायकोने फाडायचं आणि बायकोनेच झाकायचं? लोक काय म्हणतील?"

त्याने स्वतःच दुहेरी ठिगळ लावलं, वर रंगाचे आणखी थर दिले. सुकल्यावर ती कयाक पाण्यापर्यंत न्यायला दोघे लागले. एनोक आत बसला तेव्हा पाणी काठाशी आलं.

टाबिटाने कयाकीचं टोक धरून ठेवलं होतं. उलरिक हळूच म्हणाले, "सोड, पोरी. आता तू धरलंस तर कलंडेल."

तिने सोडलं. पुढे नवं बर्फ चकाकत होतं, आणि एनोक त्याच्याकडेच वल्हवत निघाला.