न थांबणारी बस

बिनखिसे हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. ते व्यवसायाने शिंपी. अख्ख्या वसाहतीचे सदरे शिवायचे, पण त्यांच्या स्वतःच्या सदऱ्याला खिसा नसायचा. नगरसभेवर निवडून आले तेव्हा कुणीतरी याचं कारण विचारलं. ते म्हणाले, "खिसा ठेवला तर आता लोकांना त्यात काहीतरी घालावंसं वाटेल." तेव्हापासून सगळे त्यांना बिनखिसे म्हणू लागले. सत्ताधारी तेवढे 'साहेब' जोडायचे, तेही हसू दाबून.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. सकाळी तिथे मशीन चालायचं आणि दुपारी सभा असली की ते नगरसभेत जायचे. बायको दाराच्या उजेडात बसून काजं करायची, बटणं लावायची. गिऱ्हाईक माप द्यायला यायचं आणि जाताना गटाराची नाहीतर नळाची तक्रार सांगून जायचं. बिनखिसे गळ्यातला टेप न काढताच ऐकून घ्यायचे आणि सभेत ती तक्रार जशीच्या तशी मांडायचे. विरोधी बाकावर बसून दुसरं करण्यासारखं असतं तरी काय?

त्यातली सगळ्यात जुनी तक्रार बसची. टेकडीवरच्या या वसाहतीतून शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या दवाखान्यात जायचं म्हणजे दोन बस बदलायच्या आणि वर तंगडतोड करायची. निवडणुकीत सत्ताधाऱ्यांनी थेट बसचं आश्वासन दिलं होतं. बिनखिशांनी ते इतक्यांदा उकरून काढलं की त्यांनी तोंड उघडलं की मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच घंटी वाजवल्याचा आवाज काढायचं.

त्या दिवशी मात्र परिवहन समितीचे अध्यक्ष उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "ती बस केव्हाच सुरू झाली आहे. रोज धावते."

बिनखिसे ताडकन उठले. "माझं घर थांब्यासमोर आहे. मशीनवर बसल्या जागी मला रस्ता दिसतो. बस सोडाच, तिचा धूरसुद्धा तिथून गेलेला नाही. ती बस मला धावताना दाखवा, त्याच दिवशी राजीनामा देतो."

"धावताना दाखवायची ना? उद्या सकाळी या," अध्यक्ष म्हणाले.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि दोरा दाताने तोडला. "राजीनाम्याचं मध्येच कशाला काढलंत?"

"अगं, बस असती तर आपल्याला दिसली नसती का?"

"मग मीही येते उद्या. असलीच तर तशीच बसून दवाखान्यात जाईन. डोळे दाखवायचे राहिलेत."

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी त्यांना थांब्यावर नेलंच नाही. वसाहतीच्या मागून, पाण्याच्या टाकीला वळसा घालून जो रस्ता जातो, तिथे नेलं. आजूबाजूला ना घर, ना दुकान. बिनखिसे मनातल्या मनात हसले. इथे कोण बस आणतंय?

तेवढ्यात बस आगाराच्या वळणावरून बस आली. कोरी, धुतलेली, कपाळावर दवाखान्याचं नाव लिहिलेली. बिनखिशांच्या तोंडचं पाणी पळालं. इतकी वर्षं ज्या बसच्या नावाने ते ओरडत होते, ती समोरून सरळ चालत येत होती.

बायकोने हात केला. बस तिच्या पुढ्यातून निघून गेली. वाऱ्याने तिच्या हातातली पिशवी फडफडली. आत एकही प्रवासी नव्हता.

"ती थांबली का नाही?" बायकोने विचारलं. अध्यक्ष आभाळाकडे बघत होते.

पुढे चढावर एक ट्रक मागे घेत होते, म्हणून बस अडली. बिनखिसे धापा टाकत चालकाच्या खिडकीशी पोचले. "अहो, बाईमाणूस हात करतंय, दिसत नाही का?"

"दिसतंय की. पण थांबायचा हुकूम नाही, साहेब. विनाथांबा आहे ही."

"अरे, मग माणसं चढणार कुठून?"

"आगारातून. पण आगारात बाहेरच्या माणसाला सोडत नाहीत." चालकाने त्यांच्या सदऱ्याकडे नीट पाहिलं आणि तो एकदम सावरून बसला. "तुम्हीच ना ते? आम्ही हिला बिनखिसे एक्स्प्रेसच म्हणतो. तुमच्याच मागणीची गाडी आहे ही."

मागून अध्यक्ष सावकाश येऊन पोचले होते. ते म्हणाले, "तुमचेच शब्द आहेत, साहेब. 'मध्ये कुठेही न थांबता थेट दवाखान्यात जाणारी बस हवी.' आम्ही शब्दशः मान्य केली. वसाहतीतून नेली तर चौकात थांबावं लागतं, म्हणून मागच्या रस्त्याने काढली. विरोधकांचं कुणी ऐकत नाही, असं आता म्हणू नका."

ते वाक्य बिनखिशांचंच होतं. जुन्या बस वाटेत तासन् तास रखडायच्या, त्या रागात ते बोलून गेले होते. आणि यांनी त्याच मापाने कापड कापून गळा न ठेवता सदरा शिवून दिला होता.

"मग राजीनामा दुपारच्या सभेत देताय ना?" अध्यक्षांनी विचारलं.

परतताना बायको म्हणाली, "शब्द दिलाय तुम्ही. आता दुसरं काय करणार?"

"मी गेलो तर थांबा मागणार कोण? वसाहतीच्या सदस्याने मागितल्याशिवाय ते थांबा देत नाहीत."

ती रस्त्यातच उभी राहिली. "म्हणजे तुम्ही शब्द फिरवणार? तुम्ही?"

दुपारी सभागृह गच्च भरलं होतं. बिनखिसे उठले. "बस धावते. मी ती पाहिली. राजीनामा मात्र मी देत नाही. मी शब्द फिरवतोय, तशी नोंद करा. आणि त्याच्याखाली माझी नवी मागणी लिहून घ्या: या बसला वसाहतीत थांबा द्या."

समोरच्या बाकांवर हशा उसळला. त्यांच्या स्वतःच्या पक्षाची माणसं माना खाली घालून कागद चाळू लागली. अध्यक्षांचं हसू मात्र अर्ध्यावरच राहिलं, कारण मागणी आता नोंदली गेली होती आणि मागणारा बाकावरच होता.

घरी आले तर बायको काज करत होती. दिवा लावायची वेळ झाली. मग सुई कापडात टोचून ठेवत तिने विचारलं, "थांबा कुठे मागितलात?"

"खाली, चढाच्या पायथ्याशी, औषधाच्या दुकानापाशी."

"आपल्या दारात जुना थांबा आहे ना?"

"तो मागितला नाही. लोक म्हणतील, शब्द मोडला आणि बस स्वतःच्या दारात आणली."

"म्हणजे लाज तुम्ही घालवायची," ती म्हणाली, "आणि चढ मी चढायचा."